थारच्या झाडांसोबत एक वर्ष: गावात कला-विज्ञान उपक्रम कसा उभा करायचा

राजस्थानात काहीतरी चांगलं काम करावं म्हणून निघालेले आपल्याकडचे गट बहुतेक वेळा रोपं लावायच्या तयारीनंच निघतात. कुदळी, रोपांच्या पिशव्या, कापडी फलक आणि शेवटी सगळ्यांचा एकत्र फोटो. पुढच्या उन्हाळ्यात त्या रोपांकडे बघायला कोणी नसतं. माझा आग्रह वेगळा आहे. वाळवंटात आधीपासून उभी असलेली झाडं बघायला शिका, गावातल्या मुलांसोबत त्यांची चित्रं काढा, नोंदी ठेवा आणि हे निदान एक वर्ष चालू द्या. चित्र काढायला बसलं की झाडापाशी वेळ जातो, आणि नोंद लिहायची म्हटलं की 'असेल बहुतेक' चालत नाही. दोन्ही एकाच मुलाच्या हातून झालं तर ते झाड त्या मुलाचं होतं. रोप लावायचं की नाही, हे त्यानंतर ठरवा.

हा लेख असा उपक्रम पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी आहे. कलाशाखेचे विद्यार्थी, शाळेतले शिक्षक, निसर्गमंडळांचे कार्यकर्ते, नोकरीनिमित्त जोधपूर-बीकानेरकडे राहणारी मराठी कुटुंबं, कोणालाही जमेल. गट लहान ठेवा: शाळेतली पंधरा-वीस मुलं, गावातली दोन-तीन जाणती माणसं, चित्र काढणारा एक आणि झाडांची माहिती असलेला एक.

पायरी १: आधी खेजडीची ओळख करून घ्या

खेजडी म्हणजे आपली शमी, काही भागांत जिला सौंदड म्हणतात ती. दसऱ्याला आपण तिची पूजा करतो. थारमध्ये ती रोजच्या जगण्यातली आहे. १९८३ पासून ती राजस्थानचा राज्यवृक्ष आहे. तिची मुळं खूप खोल जातात, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात, आजूबाजूचं सगळं करपलेलं असताना, तिला नवी पालवी फुटते. मार्च ते मे या काळात फिकट पिवळसर फुलांचे तुरे येतात. त्यानंतर लोंबणाऱ्या कोवळ्या शेंगा, म्हणजे सांगरी. ती वाळवून वर्षभर भाजीला वापरतात. शेंग झाडावर पिकली की तिला खोखा म्हणतात, ती गोड लागते आणि मुलं तशीच खातात. पाल्याला लूंग म्हणतात. हिवाळ्यात फांद्या छाटून तो शेळ्या-उंटांसाठी साठवतात. या छाटणीचं नाव छांगाई. शेतात खेजडी असली तरी बाजरीचं नुकसान होत नाही, उलट तिच्याखाली पीक बरं येतं, असं शेतकरी सांगतात. त्यामागं कारणही आहे: ती शेंगवर्गीय आहे, जमिनीत नत्र धरून ठेवते आणि तिचा पाला कुजून मातीत मिसळतो.

एवढं वाचून गावात जाऊ नका. आधी जोधपूरला दोन दिवस द्या. मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे, साधारण सत्तर हेक्टरांचं. तिथल्या खडकाळ जमिनीवर विलायती बाभळीनं कब्जा केला होता. ती मूळची अमेरिका खंडातली. मारवाडच्या संस्थानिकांनी १९३० च्या दशकात विमानातून तिचं बी पेरल्याचं सांगतात. २००६ पासून प्रदीप कृष्ण यांच्या मार्गदर्शनाखाली ती काढायचं काम सुरू झालं. वरून तोडली की ती पुन्हा फुटते, खडकात सुरुंग लावणं किल्ल्याजवळ शक्य नव्हतं. शेवटी हे काम खंडवालियांनी केलं, म्हणजे पिढ्यान् पिढ्या वालुकाश्म फोडणाऱ्या कारागिरांनी. हातोडा मारून खडकाचा आवाज ऐकायचा, भेग कुठं आहे ते ओळखायचं आणि मुळाच्या गड्ड्यापर्यंत छिन्नीनं खोदत जायचं. मग त्याच खड्ड्यांत थारची मूळची झाडं लावली. मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. झाडाचं शास्त्र आणि हाताचं कसब वेगवेगळ्या खोल्यांत राहत नाही, हे त्यांना लगेच कळतं.

वेळ असेल तर जोधपूरबाहेर मोकलावासजवळचं अरणा-झरणा संग्रहालयही बघा. लोकसंस्कृतीचे अभ्यासक कोमल कोठारी यांच्या कल्पनेतून ते उभं राहिलं. तिथं साध्या झाडूंचा मोठा संग्रह आहे. कुठल्या भागात कुठलं गवत, कुठलं झुडूप, त्याचा झाडू कोण बांधतं, कोण विकतं, घरात तो कुठं ठेवतात, इतक्या बाजूंनी एका वस्तूकडे बघता येतं. तुमच्या उपक्रमाला याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही.

खेजडीबरोबर आणखी चार-पाच झाडं ओळखीची करून ठेवा. रोहिडा, ज्याचं पिवळं, नारिंगी, लाल फूल हे राजस्थानचं राज्यपुष्प आहे आणि ज्याच्या लाकडावर बाडमेरकडे कोरीवकाम होतं. जाळ, जिला पिलू नावाची फळं लागतात. केर, म्हणजे आपल्याकडची नेपती. कुमट, ज्याच्या बिया सांगरी-केरासोबत भाजीत पडतात. आणि बोर.

पायरी २: गाव आणि परवानगी

इथं घाई करू नका. सरपंच आणि मुख्याध्यापक यांना भेटणं ओघानं आलंच, पण झाडांबाबत खरा अधिकार गुराख्यांचा, शेळ्या राखणाऱ्या बायकांचा आणि देवस्थान सांभाळणाऱ्यांचा असतो. पहिल्या भेटीत वही बाहेर काढू नका. 'राम राम सा' म्हणा, चहा घ्या, ऐका. थोरांच्या हाकेला 'सा' जोडतात, भाईसा, बाईसा. तो मान तुम्हीही ठेवा.

गावाला ओरण असेल तर वेगळी काळजी घ्या. ओरण म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान, आपल्याकडच्या देवराईसारखं. बऱ्याच ओरणांत हिरवी फांदी तोडत नाहीत, काही ठिकाणी वाळलेली काडीसुद्धा घरी नेत नाहीत. म्हणजे 'पानं गोळा करून कोलाज करू या' हा कार्यक्रम तिथं चालणार नाही. आधी विचारा. नाही म्हणाले तर बसून चित्र काढा; त्यासाठी काही तोडावं लागत नाही.

बिश्नोई गावात काम करणार असाल तर खेजडलीचा इतिहास आधी समजून घ्या. जोधपूरपासून साधारण पंचवीस किलोमीटरवरच्या या गावात १७३० साली महाराजा अभयसिंहांची माणसं चुन्याच्या भट्टीसाठी खेजड्या तोडायला आली. अमृतादेवी झाडाला मिठी मारून उभ्या राहिल्या. त्यांच्यापाठोपाठ एकूण ३६३ माणसांनी प्राण दिले. 'सिर सांटे रूंख रहे तो भी सस्तो जाण', डोकं देऊन झाड वाचत असेल तरी सौदा स्वस्तच, हे तिथं आजही म्हणतात. भाद्रपद शुद्ध दशमीला तिथं मेळा भरतो. या प्रसंगाची शाळेत नाटिका बसवायची हौस बाहेरच्या गटांना फार असते. माझा सल्ला आहे की तुम्ही बसवू नका. ज्यांच्या घरातली ही आठवण आहे त्यांना ती सांगू द्या, तुम्ही ऐकणाऱ्यांत बसा.

पायरी ३: झाडं निवडा आणि नोंदवही सुरू करा

दहा झाडं पुरेत. त्यांत तऱ्हा हव्यात: दरवर्षी छाटली जाणारी, कधीच न छाटलेली, शेताच्या मधोमध असलेली, ओरणातली, म्हातारी, तरुण. प्रत्येक झाडाला मुलांची एक जोडी नेमून द्या. खिळा ठोकून पाटी लावू नका. सुती दोरीनं सैल बांधा किंवा झाडाजवळच्या दगडावर चुन्यानं आकडा लिहा.

पहिल्या दिवशी चार गोष्टी लिहायच्या. जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर खोडाचा घेर. खोड त्याखालीच दुभंगलं असेल तर प्रत्येक फांदीचा वेगळा. फांद्यांचा विस्तार, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम, पावलांनी मोजून मग टेपनं. खोडावर भोकं, भुसा किंवा बुंध्याशी अळंबी दिसते का. आणि झाडाभोवती आपोआप उगवलेली रोपं किती. तिसरा आणि चौथा मुद्दा वगळू नका. खेजड्या वाळत चालल्याची तक्रार मारवाडात बरीच वर्षं आहे. मुळं आणि खोड पोखरणारे किडे, बुरशी, खाली गेलेलं पाणी आणि अती छाटणी ही त्याची कारणं तज्ज्ञ सांगतात, आणि ट्रॅक्टरच्या नांगरटीत कोवळी रोपं उपटली जातात ते वेगळंच.

त्यानंतर दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, तेच झाड. नवी पानं, जून पानं, वाळकी पानं, कळ्या, फुलं, कच्च्या शेंगा, पक्व शेंगा. प्रत्येकापुढे 'नाही', 'थोडं' किंवा 'पुष्कळ' यांतलं एक. झाडाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा कमी असेल तर थोडं, जास्त असेल तर पुष्कळ. ही पद्धत सीझनवॉच या भारतीय नागरिक-विज्ञान प्रकल्पातली आहे. केरळातून २०१० च्या सुमारास तो सुरू झाला आणि देशभरातल्या शाळा त्यात नोंदी करतात. तुमचं झाड त्यांच्या यादीत आहे का बघा. असेल तर नोंदी तिथंही पाठवा. पण मूळ वही कागदाची आणि गावातच राहणारी असू दे.

एक फसगत आधीच सांगून ठेवतो. खेजडीच्या फुलोऱ्यावर पुष्कळदा गोलसर गाठी दिसतात. मुलं 'फळ आलं' म्हणून नोंदवतात. त्या गाठी सूक्ष्म कोळ्यांमुळे होतात. गावकरी गिरडू म्हणतात आणि सांगरी कमी आल्याचा दोष त्याला देतात. वहीत गाठींचा वेगळा रकाना ठेवा. वर्षअखेर कदाचित तोच रकाना सगळ्यात कामाचा ठरेल.

पायरी ४: चित्र काढा, पण सुंदर काढायला सांगू नका

पहिल्या बैठकीत पेन्सिल कागदावर आणि डोळे फक्त झाडावर. कागदाकडे बघायचंच नाही, दोन मिनिटं. रेषा वेड्यावाकड्या येतात, सगळे हसतात, संकोच जातो.

दुसरी बैठक काट्यांची. प्रत्येकाला खेजडीची आणि विलायती बाभळीची गळून पडलेली डहाळी द्या आणि दुप्पट आकारात काढायला लावा. इथं शिकवावं लागत नाही. खेजडीचे काटे लहान, बुडाशी रुंद आणि पेरांच्या मधल्या भागावर कुठंही विखुरलेले असतात. विलायतीचे लांब असतात आणि जिथून पान निघतं तिथंच, बहुधा जोडीनं. 'मॅडम, हिचे काटे जागेवर नाहीत' असं एखादी मुलगी म्हणाली की समजा, ती आता आयुष्यभर या दोन झाडांत गफलत करणार नाही. पुस्तकातलं वर्णन चार वेळा वाचूनही जे लक्षात राहत नाही ते एका चित्रात बसतं.

तिसरी बैठक सावलीची. जुनी पांढरी चादर झाडाखाली अंथरा, चार कोपऱ्यांना दगड ठेवा, आणि सकाळी आठला सावलीची कड कोळशानं गिरवा. नऊला पुन्हा, दहाला पुन्हा. प्रत्येक वेळी चादरीखालच्या आणि उघड्या जागच्या मातीचं तापमान साध्या थर्मामीटरनं मोजून त्या रेषेवरच लिहा. दुपारपर्यंत चादरीवर जे तयार होतं ते चित्रही असतं आणि आलेखही.

पायरी ५: बाभळीची शाई

हा भाग मी सविस्तर देतो आहे, कारण सगळ्या उपक्रमात मुलांना हाच सर्वांत जास्त आवडतो.

देशी बाभळीच्या वाळलेल्या, खाली पडलेल्या शेंगा गोळा करा; बियांच्या मधे आवळलेल्या, करड्या रंगाच्या. विलायतीच्या नकोत. शंभरेक ग्रॅम शेंगा कुटून अर्धा लिटर पाण्यात मंद आचेवर ठेवा. पाणी निम्मं झालं की उतरवा, फडक्यातून गाळा. गडद तपकिरी काढा मिळतो. याच्या आठवडाभर आधी एका काचेच्या बरणीत गंजलेले खिळे आणि व्हिनेगर घालून ठेवलेलं असावं. झाकण सैल ठेवा, आत वायू तयार होतो.

आता प्रत्येक मुलासमोर पांढऱ्या बशीत चमचाभर काढा ओता. ड्रॉपरनं खिळ्यांच्या पाण्याचा एक थेंब टाका. थेंब पडतो तिथं काढा क्षणात करडा होतो, ढवळलं की काळा पडत जातो. शेंगांमधलं टॅनिन लोखंडाशी जुळतं म्हणून हा रंग येतो. एका बशीत एक थेंब, दुसरीत तीन, तिसरीत सहा अशा छटा करून घ्या आणि कागदावर त्यांच्या पट्ट्या ओढा. कागदावर वाळताना रंग आणखी गडद होतो, तेही नोंदवा. शाई पसरत असेल तर बाभळीचाच डिंक भिजवून त्यात मिसळा. बुरशी लागू नये म्हणून दोन लवंगा टाका. बाटलीवर नाव लिहा, आणि खाऊ-पिऊच्या बाटल्या वापरू नका. लोखंडाची शाई वर्षानुवर्षांत कागद खाते, म्हणून नोंदवहीसाठी साधं पेनच बरं.

झाडाची साल सोलून रंग काढायचा मोह टाळा. खाली पडलेलं तेवढंच आपलं.

पायरी ६: गावातली कला गावातल्यांकडून

आपल्याकडचे गट तिथं जातात आणि शाळेच्या भिंतीवर वारली चित्रं काढून येतात. वारली आपल्या पालघर-डहाणूच्या रानातली आहे, तिच्यात तिथली झाडं आहेत, ताडी आहे, तारपा आहे. मारवाडच्या भिंतींना स्वतःची परंपरा आहे. शेणानं सारवलेल्या अंगणात गेरू आणि खडीनं मांडणा काढतात, आणि त्या काढणाऱ्या बायका गावातच असतात. त्यांना शिक्षिका म्हणून बोलवा, मानधन द्या आणि रक्कम आधी ठरवा.

फडचित्रांचा आधार घ्यायचा असेल तर जपून. पाबूजी आणि देवनारायण या लोकदेवांच्या फडी, म्हणजे त्यांची कथा रंगवलेली लांब कापडं, पूजेची असतात. भोपा, म्हणजे त्या देवाचा गाणारा पुजारी, रात्रभर त्यांच्यापुढे गातो. फडीची नक्कल करू नका. लांब कापडावर अनेक प्रसंग एकाच वेळी मांडायची तिची रीत मात्र घेता येते: एका खेजडीचे बारा महिने, कापडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, छांगाई, पालवी, सांगरी, खोखा, खाली बाजरी, वर पक्षी. प्रत्येक महिन्याच्या चित्राखाली वहीतली त्या महिन्याची नोंद.

पायरी ७: एक छोटा प्रश्न निवडा

'हवामानबदलाचा खेजडीवर परिणाम' हा प्रश्न दहा झाडांना पेलणार नाही. 'दरवर्षी पूर्ण छाटलेल्या झाडाला सांगरी किती येते आणि न छाटलेल्याला किती' हा पेलतो. उत्तर शेतकऱ्यांना ठाऊक असतंच. मुलांनी मोजून ते कागदावर आणलं की घरात बोलणं सुरू होतं, कारण लूंग हवा की सांगरी, हा घरखर्चाचा प्रश्न आहे. निर्णय त्यांचा. तुम्ही 'छांगाई वाईट' असं सांगायला गेलात तर दुसऱ्या दिवसापासून कोणी बोलणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

ऊन, साप, काटे

सुरुवात नोव्हेंबरात करा, म्हणजे छांगाईपासून सांगरीपर्यंत सगळं हाती लागतं. एप्रिल ते जून मैदानातलं काम सकाळी साडेनऊच्या आत संपवा. बंद बूट सगळ्यांना. बाभळीचा काटा चपलेतून आरपार जातो. झुडपाखाली हात घालू नका, फुरसं असू शकतं, तिथं त्याला बांडी म्हणतात. सर्पदंशावरचं प्रतिविष असलेलं जवळचं रुग्णालय कुठं आहे ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

पायरी ८: जे जमलं ते गावाच्या हाती द्या

प्रदर्शन शहरातल्या दालनात भरवायच्या आधी गावच्या चावडीत भरवा. नोंदींची एक प्रत ग्रामपंचायतीला द्या. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. बऱ्याच ठिकाणी ही वही नावापुरतीच असते. मुलांच्या नोंदी, गावातल्या नावांसकट, तिच्यात गेल्या तर त्यांना वजन येतं.

त्याला आज विशेष अर्थ आहे. बीकानेर, फलोदी, जैसलमेर या भागांत सौर प्रकल्पांसाठी खेजड्या तोडल्या जात असल्याबद्दल लोक रस्त्यावर उतरले आहेत. ओरणांची मोजणी आणि नकाशे करण्याचे आदेश सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये राजस्थान सरकारला दिले. सौरऊर्जा हवीच आहे, पण शेकडो वर्षं राखलेलं रान सरकारी कागदावर 'पडीक' म्हणून लिहिलेलं असतं, तेव्हा तिथं काय उभं आहे ते कोणीतरी मोजून ठेवलेलं असायला हवं. वादात मात्र मुलांची नावं आणि फोटो ओढू नका. कुठली नोंद कुठं वापरायची ते गावानं ठरवावं, तुम्ही नाही.

आणि रोपं?

वर्षभरानंतर गावालाच वाटलं तर. पहिलं काम आपोआप उगवलेली रोपं वाचवण्याचं: शेतातल्या प्रत्येक रोपाशेजारी काठी रोवून तिला रंगीत चिंधी बांधा, म्हणजे ट्रॅक्टरवाल्याला ती दिसते. बी पेरायचंच असेल तर खोख्यातलं बी गरम पाण्यात रात्रभर भिजवा, कारण त्याचं कवच कठीण असतं, आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर पेरा. कुंपण नसेल तर पेरू नका; शेळ्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

राजस्थानपर्यंत जाणं जमत नसेल तर माण-खटाव, सांगोला, कर्जत-जामखेड, आष्टी-पाटोद्याच्या माळावर हेच सगळं करता येतं. तिथं सौंदड आहे, हिवर आहे, बाभूळ, बोर, नेपती आहे, धनगरांचे वाडे आहेत आणि विलायती बाभळीचा उपद्रवही आहे. सुरुवात दसऱ्याच्या आधी करा. गावात शमी म्हणून ज्या झाडाची पूजा होते ते खरोखर कुठलं झाड आहे, काटे बघून ठरवा, घेर मोजा आणि पहिली नोंद करा. पुढच्या आठवड्यात त्याच वारी पुन्हा जा. वही कोणाकडे राहील हेही त्याच दिवशी ठरवून टाका: आठवीतल्या मुलांकडे असेल तर शाळा सोडण्याआधी त्यांनी सातवीतल्या कोणाला तरी ती भरायला शिकवलेलं असलं पाहिजे.